भिंतीवरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगली येथे केलेले भाषण)



युरोपचा प्रवास करून आलेल्या सभासदाने चार शब्द बोललेच पाहिजेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह असतो. मला भाषणाची सवय नाही. शिवाय पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. तेव्हा मनात राहिले तेवढेच सांगते.

माझी लेक व जावई ब्रुसेल्सला असतात. त्यांच्या मोटारीने आम्ही बारा दिवसांत बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंड व इटली असे पाच देश फिरलो. बरोबर सांगलीचे भडंग होते, साताऱ्याचे कंदी पेढे होते, आणि माझ्या पिशवीत हळदकुंकवाची एक डबी होती. माझे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हा ही डबी कशाला, असे लेकीने विचारले. त्याचेच उत्तर आज देणार आहे.

माझे माहेर साताऱ्याजवळच्या एका खेड्यात. त्या बाजूला घरटी एक माणूस पलटणीत. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, हे आपणांस ठाऊक आहेच. माझ्या आजोबांचे थोरले बंधू खडकीच्या सॅपर्स पलटणीत होते. १९१४ साली ते आगबोटीने फ्रान्सला गेले. २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेल या गावी लढाई झाली, तीत या पलटणीची जबर हानी झाली. घरी कागद आला, त्यात ‘सापडत नाहीत’ एवढेच होते.

माझी थोरली आजी त्या वेळी सतरा वर्षांची होती. युद्ध संपल्यावर सरकारातून एक ब्राँझची चकती आली. तिच्यावर सिंह व हाती हार घेतलेली एक बाई होती. कडेने इंग्रजीत मृत्यूची गोष्ट कोरलेली होती. पण ती आजीला कोणी वाचून दाखविली नाही, की तिनेच वाचू दिली नाही, कोण जाणे. चकती तिने जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवली. बारा वर्षे लोटली तेव्हा वडीलधाऱ्यांनी कुंकू पुसण्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, “गावलं न्हाईत म्हंजी मेलं न्हवं.” १९६१ साली ती गेली, ती कपाळी कुंकू घेऊनच. परंतु मधल्या त्या साऱ्या वर्षांत गावच्या काही घरांत तिला हळदकुंकवाला बोलावीत नसत. संक्रांतीला ती उंबऱ्यात बसून जाणाऱ्या बायका बघत असे, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे.

बेल्जियममधून आम्ही फ्रान्समध्ये केव्हा शिरलो ते मला कळलेही नाही. हद्दीवर एक निळी पाटी, बस्स! साताऱ्याहून सांगलीस येताना तासवड्याच्या टोलनाक्यावर याहून अधिक खोळंबा होतो. ज्या हद्दींसाठी एवढी माणसे मेली, त्या आज मोटारीतून ओळखूसुद्धा येत नाहीत.

न्यव्ह शापेलला शेतांच्या मधोमध भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. १९२७ साली ते उभारले. ज्यांची चिता नाही की कबर नाही, अशा चार हजार सातशेहून अधिक जवानांची नावे तेथे दगडात आहेत. गोल आवार, जाळीदार कठडा आणि कमळाच्या शिरोभागाचा उंच स्तंभ. त्या स्तंभावर नागरी अक्षरेही दिसली, तेव्हा परक्या मुलखात कोणीतरी हाक मारल्यासारखे वाटले. नावे मात्र इंग्रजीत. जावयांनी अर्धा तास शोधून थोरल्या आजोबांचे नाव काढले. एकाच नावाचे दोघे-तिघे होते. हुद्दा व पलटण ताडून पाहावी लागली.

भिंतीला डाग लागू नये म्हणून एका पानावर मी हळदकुंकू वाहिले आणि शेजारी पेढा ठेवला. म्हटले, “थोरल्या आजी, गावले गं!” मग चार पावले मागे सरले, तेव्हा ध्यानी आले की भिंतीवर एवढी नावे आहेत, त्यांत वाट पाहणारीचे एकही नाही.

पुढे शंगेन हे गाव पाहिले. १९८५ साली तेथेच हद्दी मोकळ्या करण्याचा करार झाला. मग आल्प्समधला सतरा किलोमीटरचा बोगदा लागला. त्यापुढे आपला खंबाटकीचा म्हणजे उंबराच. शेवटी इटलीत मोंतोने गाव. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी त्या भागात लढताना पडले व त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांचे स्मारक म्हणून २०२३ साली तेथे सूर्यघड्याळ उभारले आहे. त्यावरील लेखाचा भाव असा, की सूर्य आपणा सर्वांना एकच.

भगिनींनो, त्या घड्याळापुढे मला उंबऱ्यातली आजी दिसली. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो करणारे लोक आपल्यासारखेच शेतकरी-कामकरी आहेत. एवढ्या मोठ्या देशांच्या हद्दी पुसल्या जातात, तर आपल्या उंबऱ्याची का पुसू नये? येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदकुंकवाला शेजारपाजारच्या सर्वजणींना, कोण सवाष्ण आणि कोण नाही हे न पाहता, बोलवावे, अशी माझी सूचना आहे. ती डबी मी मंडळाला देते. पहिले बोट माझ्या कपाळी लावा.