दुधावाचून आणि भट्टीवाचून

मराठी घरात गोडाचा विचार निघाला की दूध आपोआप पुढे येते. पेढा, बर्फी, बासुंदी, श्रीखंड ही सारी दुधाचीच अपत्ये. आणि ज्या पक्वान्नात दूध नाही त्याच्यावरही शेवटी तुपाची धार पडतेच. पुरणपोळी तुपावाचून वाढणे म्हणजे यजमानाने हात आखडता घेणे, असा जुना समज आहे. अशा पंगतीत एखाद्याला दूध वर्ज्य असेल, तर त्याच्या पानाचा गोडाचा कोपरा रिकामा राहतो. त्याला केळे देतात, फार तर चिमूटभर साखर वाढतात, आणि वाढणारी मंडळी ओशाळून पुढे सरकतात. पूर्वी असा प्रसंग क्वचित येई. अलीकडे तो वारंवार येऊ लागला आहे. म्हणूनच दूध आणि भट्टी या दोहोंवाचून, लिंबाच्या जातीच्या फळांपासून घरी होण्याजोग्या मिठाईचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

बेंगळूरची कोरमंगला ही वस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शहराच्या आग्नेय बाजूस, आठ ब्लॉकांत आखलेली ही वसाहत १९७० नंतरच्या काळात वाढली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी खेळाडूंचे क्रीडाग्राम येथे उभे राहिले, आणि २००७ साली फ्लिपकार्टचा व्यवसाय याच वस्तीतील एका बिऱ्हाडातून सुरू झाला. संगणकाच्या उद्योगात काम करणारी तरुण मंडळी देशाच्या चारी दिशांकडून येथे येतात. पुण्यानागपुराकडची, कोल्हापूरबेळगावाकडची मराठी मुलेमुलीही त्यांत आहेत. कोणी दोन खोल्यांचे बिऱ्हाड करते, तर कोणी पेइंग गेस्ट म्हणून एका खोलीत राहते. तेथे ओव्हन नसतो. कित्येक ठिकाणी शेगडी पेटवण्याचीही मुभा नसते. एखादा लहानसा मिक्सर, एक किसणी आणि चौघांत मिळून एक फ्रिज, एवढाच त्यांचा संसार. दिवाळीला रजा मिळाली नाही, तर सणाचे गोड करायचे ते एवढ्याच साहित्यावर.

या मंडळींत दूध न घेणारे तीन प्रकारचे लोक आढळतात. पहिल्यांना दुधातील साखर पचत नाही. जगातील बहुसंख्य प्रौढांत ती पचवण्याची शक्ती बालपणानंतर कमी होत जाते, त्यामुळे हे काही कोणा एकाचे वैगुण्य नव्हे. दुसऱ्यांना दुधातील प्रथिनांचे वावडे असते. त्यांच्या बाबतीत थोडासा खवाही अपाय करू शकतो. तिसऱ्यांनी विचारपूर्वक, जनावरांच्या कळवळ्याने दूध, तूप आणि मधही सोडलेला असतो. अशा आहाराला इंग्लंडमधील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली ‘व्हीगन’ हे नाव दिले. भारत सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली अशा खाद्यपदार्थांसाठी नियम केले, आणि आता दुकानातील वेष्टनांवर त्यांची स्वतंत्र हिरवी खूणही दिसते. शब्द नवा असला, तरी प्राणिज पदार्थ टाळून जेवणे ही कल्पना या देशाला सर्वस्वी अपरिचित नाही.

मुलाने किंवा मुलीने दूध सोडल्याचे गावी कळले, म्हणजे आईला प्रथम वाटते ते दुःख. ‘दूध नाही, तूप नाही, मग गोड ते कसले?’ असे ती विचारते. या प्रश्नामागे हट्ट नसतो. आपल्या हातचे आता याला चालणार नाही, ही भीती त्यात असते. तिचे समाधान वादाने होणार नाही. ते झालेच, तर ताटातल्या पदार्थाने होईल.

यातील भट्टीचा प्रश्न अगदीच सोपा आहे. मराठी स्वयंपाकघरात भट्टी अशी कधी नव्हतीच. दिवाळीच्या सुमारास नानकटाई करायची झाली, की घरोघरी पीठ मळून, गोळे पत्र्यावर मांडून ते बेकरीत भाजायला पाठवीत. पुण्यामुंबईच्या जुन्या मंडळींना ते पत्रे अजून आठवत असतील. लाडू वळावा, वडी थापावी, हीच आपली रीत. तेव्हा ओव्हन नाही म्हणून कोरमंगल्यातील तरुणाने खंत बाळगण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न दुधाचा. आणि येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिंबू, संत्रे, मोसंबे, पपनस या फळांचे आणि दुधाचे मुळातच पटत नाही. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. आंबटाचा स्पर्श होताच ते गुठळ्या धरते आणि पाणी वेगळे होते. याच भांडणाचा फायदा घेऊन गृहिणी लिंबू पिळून पनीर करते. दूध आणि आंबट फळे एकत्र घेऊ नयेत, असे आयुर्वेदानेही विरुद्ध आहाराच्या प्रकरणात सांगितले आहे. नागपूरची संत्राबर्फी प्रसिद्ध आहे आणि ती रुचकरही असते. परंतु तेथे संत्र्याला खव्याशी जुळवून घ्यावे लागते. संत्र्याचा गर आधी आटवून घेतात, आंबटपणा साखरेखाली दबतो, आणि फळाचा जो तजेला तो बराचसा मावळतो. दूध वगळले, की ही तडजोड करावीच लागत नाही. फळाला आंबट राहण्याची मोकळीक मिळते. इतर मिठायांत दूध नसणे ही कदाचित उणीव ठरेल. आंबटगोड फळांच्या मिठाईत ती सोय आहे.

जी गोष्ट दुधाची, तीच आंचेची. संत्र्याची साल बोटांनी दाबली, की बारीक तुषार उडतो. ते सालीच्या सूक्ष्म पिशव्यांत साठलेले सुगंधी तेल. फळाची खरी ओळख या तेलात असते, आणि ते उष्णतेने चटकन उडून जाते. ‘क’ जीवनसत्त्वही तापवल्याने कमी होते. उलट, बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात कडू द्रव्ये असतात. रस तापवला किंवा फार वेळ ठेवला, की त्याचा कडवटपणा वाढतो. म्हणजे आंचेने जे हवे ते जाते आणि जे नको ते पुढे येते. साल किसताना वरचा केशरी किंवा हिरवा रंग तेवढा घ्यावा आणि पांढरे दिसताच हात थांबवावा, हा या मिठाईचा पहिला नियम. बाजारातील फळांवर कित्येकदा मेणाचा हात फिरवलेला असतो. म्हणून फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे आणि कोरडे करावे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती सोलल्यावर किसता येत नाही. तेव्हा अख्खे फळ अलगद धरून आधी साल किसावी आणि मग सोलावे.

बेंगळुरात या फळांना तोटा नाही. विदर्भातील अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघू लागतात, आणि मृग बहाराची फेब्रुवारीमार्चात. कोडगूच्या डोंगरातील संत्रे कर्नाटकात नावाजलेले आहे. कन्नडमध्ये संत्र्याला कित्तळे म्हणतात. देवनहळ्ळी येथे, जेथे आता शहराचा विमानतळ आहे, पपनसाची एक खास जात होते. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिचे कन्नड नाव चक्कोत. कागदी लिंबू तर बारा महिने मिळते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला पदार्थ संत्र्याच्या वासाचे खजुराचे लाडू. बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम आणि सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम घ्यावा. काजू आधी मिक्सरमध्ये जाडसर करावे. मग खजूर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, एक चमचा लिंबाचा रस आणि कणभर मीठ घालून मिश्रणाचा गोळा होईपर्यंत थांबत थांबत फिरवावे. मिक्सर एकसारखा चालवला, तर काजूचे तेल सुटते आणि लाडू तेलकट होतात. लहान लाडू वळून खोबऱ्यात घोळवावे; सुमारे १८ होतात. यात साखर घालावी लागत नाही. लिंबाचा रस थोडाच असला, तरी खजुराची अतिगोडी तोच सावरतो.

दुसरा पदार्थ लिंबाची खोबरेवडी. पाठ काढलेल्या सुक्या खोबऱ्याचा अगदी बारीक कीस २०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, खाण्याचे खोबरेल ६० मिलिलिटर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दोन लिंबांच्या सालीचा कीस एकत्र मळावा. ताटाला खोबरेलाचे बोट फिरवून त्यावर मिश्रण वाटीने दाबून थापावे, आणि ताट दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मग वड्या पाडाव्या. या वडीला पाक लागत नाही. तिला धरून ठेवणारे खोबरेलच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबरच्या सकाळी बाटलीतले तेल तेथे आपोआप थिजलेले असते. तीच वडी एप्रिलात फ्रिजबाहेर ठेवली, तर मऊ पडते. मुंबईकोकणच्या हवेत ही वडी खाण्याच्या वेळेपर्यंत थंडच ठेवावी.

तिसऱ्या पदार्थाला भट्टी लागत नाही, पण दोनचार मिनिटांची उकळी लागते. तेव्हा जेथे शेगडीची मुभा आहे, त्यांनी तो करावा. ही संत्र्यापपनसाची जेली. बाजारातील जेलीत बहुधा जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. त्याऐवजी समुद्रशेवाळापासून होणारे आगर, म्हणजेच चायना ग्रास, वापरावे. आगराची पूड ४ ग्रॅम आणि साखर चार चमचे २५० मिलिलिटर पाण्यात घालून, पूड पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. पातेले उतरवून त्यात तितकाच संत्र्याचा ताजा रस मिसळावा. रस आगराबरोबर उकळू नये, कारण आंबटात उकळलेले आगर नीट धरत नाही. शिवाय रसाचा स्वादही जातो. रस फ्रिजमधून काढलेला गारही नसावा, नाहीतर गुठळ्या होतात. वाट्यांत पपनसाच्या पाकळ्या घालून त्यांवर हे ओतावे. पाकळीवरचा पापुद्रा कडू असतो, तो सोलून टाकावा. आगर खोलीतल्या हवेतही धरते, हा त्याचा विशेष गुण; फ्रिज हवा तो केवळ गारव्यासाठी.

काही पथ्ये सांगितली पाहिजेत. व्हीगन माणसासाठी गोड करताना मध घालू नये. त्याच्या जागी काकवी चांगली. वड्यांवर वर्ख लावू नये. परंपरेने तो जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत कुटला जात असे, आणि दुकानातील वर्खाचा इतिहास डोळ्यांना दिसत नाही. दुधाचे वावडे असणाऱ्यासाठी मिक्सरचे भांडे आणि ताट स्वच्छ घासून घ्यावे. काजूचेही काहींना वावडे असते, म्हणून पाहुण्याला पदार्थात काय आहे ते न विचारता सांगावे. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाची काही औषधे पपनसाशी जुळत नाहीत; ती घेणाऱ्यांनी आधी वैद्यांना विचारावे. आणि ज्याने दूध कायमचे सोडले, त्याने बी-१२ जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची सोय पाहिली पाहिजे. ती गरज मिठाई भागवू शकत नाही. दुधाची असो वा बिनदुधाची, मिठाई ही मिठाईच.

शेवटी एका जुन्या घटनेची आठवण येथे उचित ठरेल. कोरमंगल्याला लागूनच आडुगोडी येथे राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेचे दक्षिण प्रादेशिक केंद्र आहे. ही संस्था १९२३ साली येथे स्थापन झाली, आणि १९५५ मध्ये तिचे मुख्यालय कर्नाळला गेले. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूरनिपाणीकडच्या दौऱ्यात महात्मा गांधींची प्रकृती ढासळली, आणि विश्रांतीसाठी ते नंदीच्या डोंगरावर व पुढे बेंगळुरास येऊन राहिले. त्या मुक्कामात त्यांनी या संस्थेत गोपालनाची माहिती विद्यार्थ्याच्या वृत्तीने करून घेतली. याच गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले होते. गाईम्हशींवर होणारी क्रूरता हे त्यामागचे एक कारण होते. पुढे जिवावरच्या दुखण्यात, १९१९ साली, ते शेळीच्या दुधावर आले, आणि ही तडजोड आपल्या मनाला टोचत राहिल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले. ज्याने गाईचे दूध सोडले, तोच माणूस गाय कशी पाळावी हे शिकायला बसला, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

घरातही ती वाटण्याचे कारण नाही. दूध घेणारे आणि न घेणारे एका छपराखाली राहू शकतात. फक्त एक गोष्ट पाळावी. दूध सोडलेल्या मुलासाठी आई निराळी वाटी भरून बाजूला ठेवते, तेव्हा तिच्या मनात मायाच असते. पण त्या वाटीने मुलगा पंगतीपासून थोडा दूर सरकतो. त्यापेक्षा लिंबाची वडी ताटभर थापावी आणि सर्वांनाच वाढावी. ती खाताना, यात दूध का नाही, असे कोणी विचारणार नाही. दुसरी वडी मागतील, आणि त्यात मागणाऱ्यांची निवड करावी लागणार नाही.