बाटली कपाटात ठेवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याचे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच मी उभी राहिले आहे.

माझ्या धाकट्या दिरांना सिरॉसिस आहे. म्हणजे लिव्हर निबर होऊन आक्रसले आहे. दारूचा थेंबही त्यांना ठाऊक नाही. मधुमेह आणि लिव्हरात साठलेली चरबी, यांनी हे घडले. 2022 साली भावोजी दिवसा पेंगू लागले, रात्री जागू लागले. एकदा तर चहात साखरेऐवजी मीठ घातले. आम्ही म्हटले, वय झाले! डॉक्टर म्हणाले, याचे मूळ आतड्यात आहे.

आपल्या आतड्यात असंख्य जंतू नांदत असतात. पुष्कळसे उपकारीच, पण त्यांच्याकडून अमोनियाही तयार होतो. धडधाकट लिव्हर त्याचा युरिया करून टाकते. थकलेल्या लिव्हरला ते झेपत नाही, आणि ते विष मेंदूपर्यंत पोचते.

त्यावर लॅक्टुलोजचे गोड पातळ औषध दिले. 1966 सालापासून ते या विकारावर माहीत आहे. आपल्याला न पचणारी ही साखर आतड्यातले जंतू आंबवतात, आणि अमोनिया रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. पण मी शहाणपणा केला. अशक्त माणसाला जुलाब कशाला, म्हणून बाटली कपाटात ठेवली. पाचव्या दिवशी भावोजी हाकेला ओ देईनात!

इस्पितळात दोन दिवसांनी डोळे उघडून ते म्हणाले, “वहिनी, चहा झाला का?” तेव्हा मला रडू आवरेना. डॉक्टरांनी बजावले, “रोज दोन-तीनदा मऊ शौचास व्हायलाच हवे. फार पातळ झाले तर आम्हाला विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.”

पुढे रिफॅक्सिमिनच्या गोळ्या जोडल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत हा झटका पुन्हा आला तो या गोळ्या घेणाऱ्यांत शेकडा 22 जणांना, न घेणाऱ्यांत 46 जणांना. बहुतेक सर्वांचे लॅक्टुलोज चालूच होते.

निरोगी माणसाच्या मळातील जंतू रोग्याच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोगही चालू आहेत, दिल्लीतसुद्धा. नाक मुरडू नका. पण घाईही नको. 2019 साली अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारे जंतू दोन रोग्यांत गेले, आणि एक दगावला. घरचे ताकही औषधाची जागा घेणार नाही.

आणखी एक. डाळ-दूध तोडू नका. पूर्वी तोडायला सांगत. आता, अंगातले मांस झडू नये म्हणून, पुरेसे द्यावे आणि निजण्यापूर्वी थोडे खायला घालावे, असे सांगतात.

आज भावोजी बाहेर आपल्या चपलांची राखण करीत बसले आहेत. जाताना त्यांची विचारपूस करा, आणि कुणाच्या घरी अशी बाटली कपाटात असेल, तर आजच बाहेर काढून डॉक्टरांना विचारा.