पुट अप

मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत कुठंही जा, 'फाईल पुटअप केलीय' हे ऐकू येतंच. म्हणजे टिपणी लिहून कागद वरच्या साहेबांपुढं ठेवले. अधिकाराची उतरंड असली की 'अप' कुठल्या दिशेला, हे सांगावं लागत नाही.

खुद्द इंग्रजीत मात्र हा 'अप' कुठं नेईल याचा नेम नाही. तंबू उभारला, छत्री उघडली, हात वर केला, तर पुट अप. ठीक आहे. पण घर विकायला काढलं तरी पुट अप, भांडवल घातलं तरी पुट अप. आणि शेक्सपिअरच्या काळात तलवार पुट अप करायची म्हणजे ती चक्क म्यान करायची! अमेरिकेतल्या गृहिणी पीच पुट अप करत, म्हणजे हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवत. सराईमध्ये घोडा पुट अप करत, म्हणजे तबेल्यात बांधत. मला या तिन्हींमागं एकच अर्थ दिसतो: वस्तू जागच्या जागी नीट ठेवून देणं. पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं, हा अर्थही त्याच घराण्यातला असावा.

'पुट अप'ला 'विथ' चिकटला की सगळंच फिरतं. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं, चालवून घेणं. आमच्या फायलींवर साहेब इंग्रजीत शेरा मारतात, 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स'. त्यांना हवे असतात मागचे कागद. इंग्रजाला वाटेल, जुने कागद निमूटपणे सहन करा म्हणतायत. कचेरीत खेटे घातलेल्यांना दुसरा अर्थच जास्त पटेल.

डॉक्टर जॉन्सननं 1755 सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की असल्या जोडक्रियापदांनी परक्यांची फार अडचण होते. या क्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रुळलं ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 सालच्या पुस्तकानंतर. आपणही इंग्रजांना हसायला नको. 'देऊन टाकलं' म्हणतो तेव्हा आपण तरी कुठं काय टाकतो? आणि 'बोलून बसला' तो माणूस उभाही असू शकतो.

राहता राहिला आपल्याकडचा खास प्रश्न, 'व्हेअर डू यू पुट अप?' इंग्रजाला वाटतं, कुठल्या हॉटेलात उतरलात ते विचारतायत. आपल्याकडं त्याचं उत्तर असतं, डोंबिवली, स्टेशनपासून दहा मिनिटं.