हिरा, हाड आणि आशेचा ताळेबंद
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील आपल्या हाती आहेच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एका प्रसंगामुळे, आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेले चार शब्द आपणापुढे ठेवीत आहे.

अपघातात नडगीच्या हाडाचा तुकडा गमावलेला एक तरुण यंदा आपल्याकडे दाखल झाला. त्याचे वडील वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्या दालनात आले. "साहेब, हिऱ्यावर हाड वाढवतात म्हणे. दोन एकर जमीन आहे, ती विकतो," असे ते म्हणाले.

बातमी खोटी नव्हती. इमारतीला परांची लागते, तसा नव्या हाडाच्या पेशींना वाढण्यासाठी आधार लागतो. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. शरीरातील द्रवांचा त्यावर परिणाम होत नाही. हा दागिन्यातील हिरा नव्हे. मिथेन व हायड्रोजन वायूंपासून त्याचा पातळ थर चढविता येतो. स्फोटकांच्या स्फोटातून त्याचे चार-पाच नॅनोमीटरचे कणही मिळतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

प्राग येथील संशोधकांनी 2009 साली हिऱ्याच्या थरावर हायड्रोजनचे व ऑक्सिजनचे पट्टे आखले. हाडाच्या पेशींनी पाणी धरून ठेवणारे ऑक्सिजनचे पट्टे पसंत केले. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात 2011 साली, शरीरात विरघळणाऱ्या एका प्लॅस्टिकमध्ये हिऱ्याचे कण मिसळून ते कितीतरी अधिक टणक करण्यात आले. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने 2018 साली त्रिमितीय छपाईने घडविलेल्या टायटॅनियमवर हिऱ्याचा थर चढविला.

परंतु हे सारे प्रयोगशाळेतील काम आहे. शिवाय इमारत उभी राहिली की परांची उतरवितात. प्लॅस्टिक विरघळते, हिरा मात्र विरघळत नाही. मागे राहिलेल्या कणांचे वर्षानुवर्षांनी काय होईल, हे पाहिल्यावाचून तो रुग्णाच्या शरीरात घालणे उचित नव्हे.

आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर ही रक्कम 'येणे' आहे, 'जमा' नाही. येणे रकमेच्या भरवशावर कोणी घरची जमीन विकू नये. मी त्या वडिलांना तेच सांगितले व डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मुलाच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा घेऊन नडगीत बसविण्यात आला. हा मार्ग जुना व खात्रीचा. मात्र त्यात दुसरी जखम होते, आणि कंबरेतून घेण्याजोगे हाडही मर्यादितच असते. संशोधकांची धडपड याचसाठी आहे, म्हणून तिच्याविषयी आम्हाला आदरच आहे.

खर्चाचा मोठा भाग निर्धन रुग्ण निधीतून भागविला. मुलगा आता काठीच्या आधाराने चालतो आणि दोन एकर जमीन घरातच आहे.

देणगीदारांना विनंती, की या निधीला आपला हात असू द्यावा. आप्तजनांना विनंती, की कोणत्याही नव्या उपचाराची बातमी वाचल्यास घरदार मोडण्यापूर्वी ते कात्रण घेऊन आमच्याकडे यावे. माझ्या दालनाचे दार उघडे आहे.