डोंबिवलीकरांचं नवं विमानतळ

आपल्याकडे बहुतेक घरांतलं कुणीतरी परदेशी किंवा परराज्यात असतं, म्हणून आज नवी मुंबई विमानतळाविषयी बोलूया.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणून दुसरा विमानतळ हवाच होता. नव्याची जागा ११६० हेक्टर. पहिल्या टप्प्यात ३७०० मीटरची एक धावपट्टी, कमळासारखं टर्मिनल आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. पुढे ती नऊ कोटींवर न्यायची आहे.

ही जागा मोकळी नव्हती. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, आणि चिंचपाडा, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, कोपर अशी दहा गावं उठली. हे कोपर म्हणजे आपल्या शेजारचं स्टेशन नव्हे, पनवेलकडचं गाव. तिथल्या बायकांनी चूल, अंगण, देव्हारा सारं दुसरीकडे नेलं. १९८४ साली नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींना योग्य मोल मिळावं म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. त्यात पाच शेतकरी गोळीबारात गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, ती याच लढ्यामुळे. विमानतळाला 'दिबां'चं नाव द्यावं म्हणून २०२१ साली भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली. आपण तिथून उडताना एवढं तरी आठवावं.

आता कामाचं. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून निघू नका. जुन्या विमानतळाचं सांकेतिक नाव बीओएम, नव्याचं एनएमआय. घरच्या वयस्कर माणसांना ही अक्षरं कागदावर मोठी लिहून द्या. चुकीच्या ठिकाणी पोहोचलो, तर दुसरीकडे जाईपर्यंत विमान सुटणारच.

लोकलने जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर गाडीने पनवेल किंवा बेलापूरच्या बाजूला जायचं, पुढे बस किंवा टॅक्सी. मोठं सामान असेल तर गर्दीची वेळ टाळा. गाडीने निघालात तर कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी धरूनच वेळ काढा. अंतर सहारपेक्षा कमी वाटलं, तरी शिळफाट्यावर घड्याळ आपलं ऐकत नाही!

सुखरूप जा, सुखरूप या.