सन्मानाने मिळणारी आरोग्यसेवा

न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली आशियाई समाजाला एचआयव्हीविरुद्ध आधार देण्यासाठी 'अपिचा' ही संस्था उभी राहिली. आज तिच्या दवाखान्यात पारलिंगी स्त्रियांवरही उपचार होतात. परक्या देशात भाषेची अडचण, कागदपत्रांची धास्ती आणि लोकलज्जा यांमुळे अनेकजणी तपासणी टाळतात. अशा वेळी मातृभाषेत बोलणारी कार्यकर्ती, गुप्ततेची खात्री आणि स्वतः निवडलेल्या नावाने मारलेली हाक यांनी विश्वास बसतो.

लक्षात ठेवा, एचआयव्ही संसर्गाची शंका आल्यास संभाव्य संपर्कानंतर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. हार्मोन उपचार चालू असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या घेता येतात. तेव्हा संकोच सोडा, वेळेत तपासणी करून घ्या.