वादळाआधीची घरातली तयारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा काही तासांत ओसरला. वीज मात्र श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक आठवडे आली नाही. म्हणून तयारी वाऱ्याची करावी, तशीच नंतरच्या अंधाराचीही.

सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. पंप बंद पडला की दारात भरलेली विहीर असूनही घरात थेंब येत नाही. राहाटाला नवा दोर आणि धड पोहरा आताच बघून ठेवा. इशारा मिळताच टाकी, पिंप, हंडे, कळश्या भरून घ्या; पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवा.

विजेरी, सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, काडेपेटी, आठवडाभराची औषधं आणि थोडी रोख रक्कम एका डब्यात ठेवा. मोबाइलचे मनोरे कोलमडले की सेलवरचा रेडिओच कामी येतो. वीज गेल्यावर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते गार ठेवायला माठाची सोय करा. जनरेटर घरात किंवा पडवीत कधीही लावू नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसला तरी तो जीव घेतो.

वारा एकाएकी थांबला तरी बाहेर पडू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून सरकत असेल, तर थोड्याच वेळात उलट्या दिशेने तितकाच जोर येतो. तुटलेल्या तारेला हात लावू नका. वीज कंपनीला १९१२ या क्रमांकावर कळवा. आणि शेजारी एकटी राहणारी म्हातारी माणसं असतील, तर त्यांचं पाणी आधी भरून द्या.